कॉक्स-२ गाठीत कमी आणि ‘निरोगी’ भागात जास्त : ते ५ नमुने वगळावेत का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी तुम्ही स्तनाच्या कर्करोगाच्या १४ रुग्णांकडून जोडीचे नमुने घेतले, एक गाठीचा आणि एक त्याच स्तनातील गाठीपासून दूरच्या भागाचा. कॉक्स-२ या दाहाशी संबंधित विकराच्या जनुकाची अभिव्यक्ती (म्हणजे त्याचा संदेशवाही आरएनए, थोडक्यात ‘संदेश’, किती आहे ते) रिअल-टाइम पीसीआरने मोजली. ९ जणींच्या गाठीत ती अपेक्षेप्रमाणे जास्त निघाली, उरलेल्या ५ जणींत मात्र ‘निरोगी’ भागातच जास्त आहे. त्यातही या ५ पैकी ३ गाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्रीत (अँटिबॉडीने प्रथिन रंगवून काचेवर पाहण्याच्या पद्धतीत) ठळक तपकिरी दिसतात, म्हणजे प्रथिन आहे आणि संदेश नाही, असा पेच आहे. हे ५ नमुने निकृष्ट समजून वगळावेत, असा मार्गदर्शकांचा सल्ला आहे. रत्नागिरी-सिंधुदुर्गात मत्स्याहार जास्त असल्याने कॉक्स-२ कमी दिसले असावे, असे चर्चेच्या प्रकरणात लिहावे का, हा तुमचा स्वतःचा विचार आहे. शेवटी तुम्ही विचारले आहे की कॉक्स-२ वाढलेले असते, तर रुग्णांना सेलेकॉक्सिब हे कॉक्स-२ अडवणारे औषध का दिले जात नाही.

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. मुंबईत बरीच वर्षे ट्यूमरच्या आरएनएवर काम केल्यानंतर आता कोकणातच प्रयोगशाळा सांभाळते, त्यामुळे तुमच्या नमुन्यांनी कसा प्रवास केला असेल, याची मला कल्पना आहे. नमुने निकाल पाहून वगळू नका आणि मासे चर्चेत आणू नका, एवढे दोन निर्णय आधीच सांगते. बाकीच्या बऱ्याच गोष्टी तुमच्या नोंदवहीत काय लिहिलेले आहे, यावर अवलंबून आहेत.

माशांचे आधी संपवू, कारण ते सोपे आहे. बांगडा आणि तारली यांच्या तेलातील ईपीए हे मेदाम्ल कॉक्स-२ विकराकडे कच्चा माल म्हणून अ‍ॅराकिडॉनिक आम्लाशी स्पर्धा करते आणि त्यातून थोडे वेगळे, बहुधा सौम्य प्रोस्टाग्लँडिन (दाहाचा संकेत देणारा रेणू) तयार होते, हे खरे आहे. पण तो विकराच्या कामाचा प्रश्न झाला. तुम्ही मोजला आहे जनुकाचा संदेश. त्याहून महत्त्वाचे म्हणजे गाठ आणि दूरचा भाग हे दोन्ही नमुने एकाच बाईचे आहेत, आणि तिने खाल्लेला बांगडा दोन्हीकडे सारखाच पोचलेला आहे. जोडीतील फरकाचे कारण जोडीला समान असलेल्या गोष्टीत सापडणार नाही.

आता खऱ्या प्रश्नाकडे येते. तुम्ही विचारता आहात की १४ पैकी कोणते नमुने चुकीचे आहेत. माझ्या मते विचारायला हवे ते हे, की यंत्राने दिलेला आकडा नेमका कशाचा आहे. तो कर्कपेशींचा आहे, त्यांच्या शेजारच्या पेशींचा आहे, शस्त्रक्रियेच्या टेबलापासून फ्रीझरपर्यंत गेलेल्या वेळेचा आहे, की ज्या जनुकाने तुम्ही भागाकार केला त्याचा आहे? कॉक्स-२ च्या बाबतीत हा संशय इतर जनुकांपेक्षा अधिक घ्यावा लागतो. त्याचे कारण या जनुकाच्या स्वभावात आहे.

सायक्लोऑक्सिजिनेज हा विकर पेशीपटलातून सुटलेल्या अ‍ॅराकिडॉनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन-एच२ बनवतो आणि त्यातून पुढे प्रोस्टाग्लँडिन-ई२ वगैरे रेणू तयार होतात. अ‍ॅस्पिरिन हीच वाट अडवते, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले आणि त्या कामासाठी १९८२ च्या नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. या विकराचे दुसरे रूप, म्हणजे कॉक्स-२, १९९१ मध्ये हाती आले. कॉक्स-१ बहुतेक ऊतींत सतत थोडे थोडे बनत असते. कॉक्स-२ एरवी जवळजवळ गप्प असते आणि इजा, जंतू, सायटोकाइन किंवा वाढीचे संकेत मिळाले की तासाभरात जागे होते. पहिल्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असलेल्या या जनुकाच्या प्रवर्तक भागात एनएफ-कप्पा-बी आणि सीआरईबी यांसारख्या घटकांना बसायला जागा आहेत, आणि हे घटक पेशीला धोक्याची सूचना देणारेच आहेत. त्याच्या संदेशवाही आरएनएच्या शेपटीत अ‍ॅडिनीन-युरॅसिलचे तुकडे वारंवार येतात. अशी शेपटी असलेला संदेश पेशी लवकर मोडून टाकते. अनेक ट्यूमरमध्ये एचयूआर नावाचे प्रथिन या शेपटीला धरून संदेश टिकवून ठेवते. म्हणजे तुमच्या आकड्यात दोन गोष्टी मिसळलेल्या असतात, संदेश किती बनला आणि किती टिकला. पटकन बनणारा आणि पटकन मोडणारा संदेश मोजायचा असेल, तर घड्याळ हेही प्रयोगाचे उपकरणच ठरते.

तुमच्या प्रश्नात एक वाक्य ओझरते आले आहे, पण माझी नजर तिथेच अडली. काही नमुने शहरातल्याच रुग्णालयातून आरएनए-लेटर या आरएनए टिकवणाऱ्या द्रावणात आले आणि काही दुसऱ्या तालुक्यातून बर्फावर आले, असे तुम्ही लिहिले आहे. त्या ५ पैकी किती बर्फावरचे होते? हे एकच गणित आज रात्री करा. ४ किंवा ५ असतील, तर तुमचा निम्मा उलगडा झाला. ५ नमुने दोन्हीकडून सारखे आलेले असतील, तर पुढचे सगळे वाचावे लागेल.

मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी घेणारी कोणतीही बाई मासा किती वाजता बर्फात गेला, हे कल्ले उचलून पाहते. बर्फाने मासा ताजा होत नाही, तो होता त्या अवस्थेत थोडा जास्त टिकतो, एवढेच, हे तिला शिकवावे लागत नाही. ऊतींचेही तसेच आहे. बर्फावर आरएनए मोडणारे विकर मंद होतात, बंद पडत नाहीत. शिवाय बर्फात जाण्याआधीचा काळ वेगळाच. स्तन काढताना शल्यविशारद रक्तवाहिन्या एकेक करून बांधत जातात, त्यामुळे शरीरातून बाहेर येण्याआधीच गाठीचा रक्तपुरवठा तुटलेला असतो आणि ऊती शरीराच्या तापमानालाच असते. त्या काळात पेशी जिवंत असतात, त्यांना प्राणवायूची टंचाई जाणवते आणि कॉक्स-२ सारखी तातडीने जागी होणारी जनुके प्रतिसाद देतात. पुढे पेशी मरू लागल्या की नवा संदेश बनणे थांबते आणि आधी बनलेला अल्पायुषी संदेश संदर्भ जनुकाच्या (तुलनेसाठी भागाकारात घेतलेल्या जनुकाच्या) टिकाऊ संदेशापेक्षा लवकर नाहीसा होतो. म्हणजे उशिरामुळे आकडा आधी चढू शकतो, मग उतरू शकतो. दिशा कोणती, हे किती वेळ गेला यावर ठरते. म्हणून ‘उशीर झाला म्हणून कमी दिसले’ असेही नोंदी पाहिल्याशिवाय म्हणता येत नाही.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. मुंबईत असताना आमच्या एका मालिकेत सकाळच्या पहिल्या शस्त्रक्रियांचे कॉक्स-२ एका पातळीवर आणि दुपारच्या शस्त्रक्रियांचे दुसऱ्या पातळीवर दिसत होते. आम्ही त्यामागे रुग्णांचे वय, रजोनिवृत्ती, गाठीची श्रेणी असे सगळे काही शोधले. कित्येक महिने आम्ही त्याला जीवशास्त्र समजत होतो. शेवटी एका रेसिडेंटने ऑपरेशन थिएटरबाहेर उभे राहून पाहिले, तर दुपारी नमुना नेणारे मामा जेवायला गेले की ट्रे ओल्या कापडाखाली तसाच थांबत होता. त्यानंतर प्रत्येक नमुन्यासोबत तीन वेळांची चिठ्ठी आली : मुख्य रक्तवाहिनी बांधल्याची, नमुना बाहेर आल्याची आणि तो द्रावणात पडल्याची. तुमच्याकडे अशा चिठ्ठ्या नसतील, पण थिएटरच्या नोंदवहीत आणि भूल दिल्याच्या तक्त्यावर बऱ्याच वेळा लिहिलेल्या असतात. रुग्णालयाची आणि नीतिसमितीची परवानगी असेल, तर त्या पाहून घ्या.

भूलीचा तक्ता हाती आलाच, तर त्यावर डेक्सामेथासोन दिले होते का, हेही पाहा. शस्त्रक्रियेनंतर उलट्या होऊ नयेत म्हणून ते अनेकदा भूल देतानाच दिले जाते, आणि स्टेरॉइड औषधे कॉक्स-२ जनुकाची अभिव्यक्तीच दाबतात. याउलट डायक्लोफिनॅकसारखे वेदनाशामक विकराचे काम अडवते, पण त्यामुळे संदेश कमी होईलच, असे नाही. आपल्याकडच्या अनेक बायका गाठ दुखत नाही म्हणून उशिरा येतात आणि त्यांना शस्त्रक्रियेआधी केमोथेरपी द्यावी लागते. टॅक्सेन गटातील औषधे कॉक्स-२ चे लेखन वाढवू शकतात, हे पेशींवरच्या प्रयोगांतून दिसलेले आहे. ज्यांना आधी केमो मिळाली आणि ज्यांना मिळाली नाही, त्या दोघींना एका तक्त्यात बसवताना किमान वेगळी खूण करा. शस्त्रक्रियेआधी झालेली सुईची बायोप्सी हीसुद्धा जखमच आहे. दोन-तीन आठवड्यांनी त्या वाटेवर भरून येणारी ऊती असते, मॅक्रोफेज (मृत पेशी खाऊन साफसफाई करणाऱ्या) पेशी असतात आणि तिथे कॉक्स-२ असणे स्वाभाविक आहे. तुमचा ‘दूरचा’ नमुना नेमका त्या वाटेवरून घेतला गेला नाही ना?

यातूनच ‘निरोगी’ या शब्दाशी माझे भांडण सुरू होते. पन्नाशीच्या पुढच्या बाईच्या स्तनातील गाठीपासून दूरचा भाग म्हणजे मुख्यतः चरबी आणि तंतू असतात. दुग्धवाहिन्यांचे अस्तर त्यात नावापुरते असते. गाठीचा नमुना म्हणजे अस्तराच्या पेशींची दाटी. तेव्हा तुमची तुलना कर्कपेशी विरुद्ध निरोगी अस्तर-पेशी अशी नाहीच, ती बरीचशी कर्कपेशी विरुद्ध चरबी अशी आहे. आणि चरबी गप्प नसते. वजन जास्त असलेल्या स्त्रियांच्या स्तनांत मरणाऱ्या मेदपेशींभोवती मॅक्रोफेज मुकुटासारखे कडे करून बसलेले दिसतात. तिथे एनएफ-कप्पा-बी जागे असते, प्रोस्टाग्लँडिन-ई२ बनते आणि त्याच्या प्रभावाने अ‍ॅरोमॅटेज हा इस्ट्रोजेन बनवणारा विकर वाढतो. अशा चरबीतून काढलेल्या आरएनएत कॉक्स-२ भरपूर निघाले, तर यंत्र खोटे बोलत नाही. तुमच्या ५ रुग्णांचे वजन आणि उंची नोंदवलेली असेल, तर ती काढा. दुसरी एक शक्यताही ध्यानात ठेवा : दिसायला निरोगी असलेल्या अस्तरातही काही पेशींत पी१६ हे पेशी-विभाजनाला लगाम घालणारे जनुक बंद पडलेले असते आणि अशा पेशी कॉक्स-२ जास्त बनवतात, हे २००४ च्या सुमारास दाखवले गेले आहे. गाठीच्या परिसरातली जमीन गाठीआधीच बदललेली असू शकते.

नमुन्यात काय आहे, हे पाहण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे. तुकड्याचे तीन काप करायचे. मधला आरएनएसाठी ठेवायचा आणि दोन्ही कडांचे काचेवर घ्यायचे. दोन्ही काचांवर कर्कपेशींचा वाटा सारखा दिसला, तर मधल्याबद्दल विश्वास ठेवता येतो. एका काचेवर ७० टक्के आणि दुसरीवर १० टक्के असेल, तर त्या नमुन्याच्या आकड्यापुढे मी प्रश्नचिन्ह लावते, मग तो आकडा मला आवडणारा असला तरी. तुमच्याकडे असे काप नसतील, पण त्याच गाठीचे पॅराफिन ब्लॉक (मेणात जतन केलेले तुकडे) असतील. शिवाय उरलेल्या सीडीएनएवर (आरएनएवरून बनवलेल्या डीएनएवर) अस्तराच्या पेशींची खूण असलेले केराटिन-१८ आणि मॅक्रोफेजची खूण असलेले सीडी६८ अशी दोन जनुके चालवून पाहता येतील. केराटिन जवळपास नाही आणि सीडी६८ भरपूर, असे चित्र ‘निरोगी’ नमुन्यात दिसले, तर त्याचे नाव बदलून ‘गाठीपासून दूरची मेद-ऊती’ असे प्रामाणिकपणे लिहा. आरएनए-लेटरबद्दलही एक सावधगिरी सांगते. ते अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड तुकड्याच्या आतपर्यंत वेळेत पोचत नाही, आणि चरबीचा तुकडा त्यात तरंगतो. वरचा भाग कोरडा राहिलेले असे तुकडे मी पाहिले आहेत.

आता भागाकाराकडे येते. तुम्ही फक्त जीएपीडीएच हे एकच संदर्भ जनुक वापरले आहे, आणि माझ्या दृष्टीने तुमच्या कामातली सर्वांत दुरुस्त करण्याजोगी गोष्ट हीच आहे. जीएपीडीएच ग्लुकोज तोडण्याच्या वाटेवरचा विकर आहे. कर्कपेशी ग्लुकोज अधाशीपणे वापरतात, प्राणवायू कमी पडला की या वाटेवरची जनुके आणखी वाढतात, आणि चरबीत त्यांची पातळी वेगळीच असते. समजा, आरएनए सारखाच घेतला आहे आणि गाठीत कॉक्स-२ ची सीटी (संकेत दिसेपर्यंत लागलेल्या पीसीआरच्या सायकलींची संख्या; एक सायकल कमी म्हणजे संदेश दुप्पट) २९ आली, दूरच्या भागात ३०. म्हणजे गाठीत संदेश दुप्पट आहे. पण जीएपीडीएचची सीटी गाठीत १८ आणि दूरच्या भागात २० असेल, तर गाठीतला फरक ११, दूरचा १०, आणि उत्तर येते ०.५. दुप्पट असलेली गोष्ट निम्मी झाली. त्याच नमुन्यांत आरपीएलपी० या दुसऱ्या संदर्भ जनुकाची सीटी अनुक्रमे २० आणि २०.५ असेल, तर फरक ९ आणि ९.५ होतात व उत्तर येते साधारण १.४. ऊती तीच, नळी तीच, फक्त छेद बदलला आणि निष्कर्ष उलटला. तुमच्या ५ नमुन्यांची जीएपीडीएचची कच्ची सीटी इतर ९ नमुन्यांच्या शेजारी मांडून पाहा. गाठीत ती सातत्याने दोन सायकल आधी येत असेल, तर तुमचा पेच बऱ्याच अंशी तिथे आहे.

यावर उपाय नवा नाही. कमीत कमी तीन संदर्भ जनुके घ्यावीत, ती तुमच्याच नमुन्यांत स्थिर आहेत का ते तपासावे आणि त्यांची भूमितीय सरासरी वापरावी, ही पद्धत २००२ पासून प्रचलित आहे. २००९ च्या एमआयक्यूई मार्गदर्शक तत्त्वांनीही पीसीआरच्या अहवालात काय काय सांगितले पाहिजे, ते नेमकेपणाने मांडले आहे. स्तनाच्या कर्करोगात उपचार ठरवण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ऑन्कोटाइप डीएक्स या चाचणीत २१ जनुके असतात आणि त्यातली ५ केवळ संदर्भासाठी असतात. जीएपीडीएच त्यांत आहे, पण एकटे नाही. (जाता जाता : उरलेल्या १६ जनुकांत कॉक्स-२ नाही. मॅक्रोफेजचे सीडी६८ मात्र आहे.) आणखी दोन तपासण्या मार्गदर्शकांना दाखवण्याआधी करून घ्या. रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (आरएनएवरून डीएनए बनवणारा विकर) न घातलेली नळी चालवून त्यात संकेत येत नाही, याची खात्री करा, म्हणजे जनुकीय डीएनए मिसळल्याची शंका मिटेल. आणि ज्या नमुन्यांत कॉक्स-२ ची सीटी ३५ च्या पलीकडे आहे, तिथे ‘इतके पट’ असे लिहू नका, तिथे तीन पुनरावृत्तींतला फरकच मोजमापापेक्षा मोठा असतो.

प्रथिन आहे आणि संदेश नाही, या तीन गाठींचे काय? यात मला फारसा विरोधाभास दिसत नाही. काचेवरचा तपकिरी रंग ब्लॉकच्या एका भागातला आहे, आरएनए वेगळ्या तुकड्यातला आहे, आणि कॉक्स-२ गाठीत सगळीकडे सारखे पसरलेले नसते. संदेश मोडून गेल्यावरही प्रथिन काही काळ राहते, आणि ऊती फॉर्मॅलिनमध्ये वेळेत गेली असेल, तर ते तिथेच पकडले जाते. शिवाय अँटिबॉडी कोणती, किती पातळ केली आणि किती टक्के पेशींना ‘पॉझिटिव्ह’ म्हटले, यांवर उत्तर बदलते. काचेचा खरा फायदा वेगळा आहे : रंग कोणत्या पेशीत आहे, ते ती सांगते. कर्कपेशींत, रक्तवाहिन्यांच्या अस्तरात की मॅक्रोफेजमध्ये, हे पीसीआर कधीच सांगू शकत नाही. त्या तीन काचा पॅथॉलॉजिस्टसोबत बसून पुन्हा पाहा आणि प्रत्येकीसाठी हे वेगवेगळे लिहा. फक्त ‘पॉझिटिव्ह’ या शब्दावर थांबू नका.

सर्व गाठींत कॉक्स-२ वाढलेलेच असले पाहिजे, ही अपेक्षाही तपासून पाहा. फिनलंडमधील १,५७६ गाठींच्या २००२ साली प्रसिद्ध झालेल्या मालिकेत कॉक्स-२ प्रथिन वाढलेले आढळले ते ३७.४ टक्के गाठींत, आणि त्याचा संबंध मोठी गाठ, वरची श्रेणी, काखेतील लसिका ग्रंथींत पसरलेला रोग, संप्रेरक ग्राही नसणे आणि हर-२ या वाढीला चालना देणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढलेल्या असणे यांच्याशी होता. म्हणजे बहुसंख्य गाठींत ते वाढलेले नव्हते. हे प्रथिनाबद्दल आहे, संदेशाबद्दल नाही, हे खरे, तरी १४ पैकी ५ गाठींत ते न वाढणे ही विकृती नव्हे, एवढे त्यावरून म्हणता येते. तुमच्या तक्त्यात ईआर, पीआर (इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन यांचे ग्राही) आणि हर-२ चे निकाल प्रत्येक ओळीसमोर लिहा. १४ नमुन्यांवर संख्याशास्त्रीय सिद्धता मिळणार नाही, पण ५ मधल्या किती ईआर-पॉझिटिव्ह, कमी श्रेणीच्या आहेत, हे डोळ्यांनी दिसेल.

आतापर्यंतचे एकत्र करून मार्गदर्शकांच्या सल्ल्याबद्दल बोलते. त्यांचा रोख चुकीचा आहे, असे मला म्हणायचे नाही. निकृष्ट आरएनए वगळलाच पाहिजे. पण वगळण्याचा नियम कॉक्स-२ चा आकडा झाकून ठरवावा लागतो आणि तो सर्व २८ नमुन्यांना (१४ जोड्यांना) लावावा लागतो. उदाहरणार्थ, आरएनएची अखंडता अमुक पातळीखाली, काचेवर कर्कपेशी अमुक टक्क्यांहून कमी, द्रावणात जाईपर्यंतचा वेळ अमुक मिनिटांहून जास्त. या चाळणीतून ५ पैकी ३ गळले आणि ९ पैकीही २ गळले, तर ते सगळे गळू द्या. किती आणि का गळले, हे प्रबंधात लिहा. पाचही टिकले, तर ते तुमच्या तक्त्यात राहतील. हे त्यांना असेच सांगा. नियम आधी आणि निकाल नंतर, याला कोणताही मार्गदर्शक नाही म्हणणार नाही.

राहिला सेलेकॉक्सिबचा प्रश्न. तो फक्त विद्यार्थ्यांचा नाही. माझ्याकडे अहवाल न्यायला येणारे मुलगे आणि जावईसुद्धा तो विचारतात, कारण ही गोळी सांधेदुखीसाठी बहुतेक घरांत माहीत आहे. तिच्यामागचा तर्क भक्कम होता. उंदरांच्या स्तनग्रंथींत कॉक्स-२ जबरदस्तीने वाढवले, तर वारंवार व्यालेल्या माद्यांत गाठी झाल्या, हे २००१ मध्ये दिसले. हर-२ मुळे गाठी होणाऱ्या उंदरांत कॉक्स-२ काढून टाकले, तर गाठी कमी झाल्या. प्रोस्टाग्लँडिन-ई२ पेशीतले सायक्लिक एएमपी वाढवून अ‍ॅरोमॅटेज जनुक जागे करते, त्यामुळे स्तनातच इस्ट्रोजेन बनते. शिवाय ते नव्या रक्तवाहिन्यांना चालना देते आणि प्रतिकारशक्तीच्या पेशींना शांत करते. इतक्या वाटा एका विकरापाशी येत असतील, तर त्याला अडवून पाहणे स्वाभाविकच होते.

पण मग माणसांवरचे निकाल आले. याच गटातले रोफेकॉक्सिब हे औषध हृदयविकाराच्या धोक्यामुळे सप्टेंबर २००४ मध्ये बाजारातून मागे घेतले गेले आणि दीर्घकाळ अशी औषधे देण्याबद्दल सगळेच सावध झाले. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रिअ‍ॅक्ट चाचणीत हर-२ निगेटिव्ह कर्करोगाच्या २,६३९ रुग्णांना शस्त्रक्रियेनंतर २ वर्षे रोज ४०० मिलिग्रॅम सेलेकॉक्सिब किंवा निष्प्रभ गोळी दिली गेली. रोग न उलटण्याच्या काळात फरक दिसला नाही. अ‍ॅस्पिरिनची ३,०२० रुग्णांवरची चाचणी फायद्याची शक्यता न दिसल्याने लवकर थांबवावी लागली आणि तिचा अहवाल २०२४ मध्ये आला. फ्रान्समधील एका चाचणीत शस्त्रक्रियेआधीच्या केमोथेरपीसोबत सेलेकॉक्सिब दिले होते. त्या माहितीच्या २०१९ मधील विश्लेषणात, ज्यांच्या गाठीत कॉक्स-२ ची अभिव्यक्ती कमी होती, त्यांना औषधाने उलट अपाय झाला असावा, असे संकेत मिळाले. ते विश्लेषण शोधक स्वरूपाचे होते, त्यावर उपचार बदलता येत नाहीत. पण ज्या गोळीला घरचे लोक ‘निदान तोटा तरी नाही’ म्हणतात, तिच्याबद्दल ते वाचून मी जास्त जपून बोलू लागले. कुणाच्या आईला ही गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका, एवढे तुम्ही ओळखीच्यांना नक्की सांगू शकता.

या मोठ्या चाचण्यांत रुग्णांची निवड कॉक्स-२ मोजून केलेली नव्हती, हे लक्षात घ्या. सगळ्यांना दिले आणि सरासरी काढली. त्यावर कुणी म्हणेल की ज्यांच्या गाठीत ते खरोखर वाढलेले आहे, त्यांनाच द्या. पण ‘खरोखर वाढलेले’ ठरवणारी, दोन प्रयोगशाळांत सारखे उत्तर देणारी चाचणीच रोजच्या वापरात नाही. तिला आड येणाऱ्या गोष्टी म्हणजे ट्रेमध्ये थांबलेली ऊती, चरबीला दिलेले ‘निरोगी’ हे नाव आणि एकट्या जीएपीडीएचचा छेद. तुमच्या ५ नमुन्यांत नेमक्या त्याच अडचणी असण्याची शक्यता मोठी आहे. म्हणून मी तुमच्या जागी असते, तर प्रबंधाचे शीर्षक थोडे बदलून घेतले असते आणि त्या ५ नमुन्यांना स्वतंत्र प्रकरण दिले असते.

कामाचा क्रम विचाराल, तर आधी बर्फ आणि आरएनए-लेटर यांची विभागणी, मग जीएपीडीएचच्या कच्च्या सीटी. या दोन्हींना एक पैसाही लागत नाही. त्यानंतर काचा. नवी संदर्भ जनुके आणि केराटिन-सीडी६८ शेवटी, कारण त्यात सीडीएनए खर्च होतो. आणि उरलेला आरएनए एकाच नळीत असेल, तर तो लहान लहान भागांत वाटून दोन वेगळ्या फ्रीझरमध्ये आताच ठेवा. मृगाच्या पहिल्या पावसात वीज गेली की इथे ती कधी येईल, याचा भरवसा नसतो. उणे ८० चा फ्रीझर दार बंद ठेवले तर काही तास तग धरतो, पण रात्री कुणीतरी ‘चालू आहे का’ म्हणून दार उघडून पाहतेच. दारावर कागद चिकटवा आणि त्यावर मोठ्या अक्षरांत तुमचा फोन नंबर लिहा.